सकाळी गेली तिला काय ठाऊक

चिसांगा, ९ मे

लुसुंगु,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. आमच्याकडं फोनची गंमत तुला ठाऊकच आहे. तळ्यात खोल पाण्यावर लागतो, कड्याखालच्या गावात लागत नाही. चर्चमागच्या खडकावर चढून बोलावं, तर माझ्या घरातलं सगळं अर्धं गाव ऐकतं. शिवाय फोनवर तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवलं, पण ही एक खोड काही मोडता आली नाही. माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, तेवढं चालवून घे.

कामाचं सांगते. तुझं यंत्र बिघडलंय.

मार्चमध्ये माझ्या चहाच्या खोपीत साखरेच्या पोत्यामागं तू ती पेटी बसवलीस, टॉवर सापडावा म्हणून तिची तार छपरावरच्या उंच बांबूला बांधलीस. भुशिराच्या टोकावर वारा मोजायचं चार वाट्यांचं ते फिरतं चक्र लावलंस. म्हणालीस, पाण्यावर जाणाऱ्यानं फोनवरून पेटीला 'निघालो' कळवायचं, परत आला की 'आलो' कळवायचं. मोठा वारा सुटला की जे पाण्यावर असतील त्या सगळ्यांचे फोन पेटी वाजवील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावप्रमुखानं लगेच न्याम्होनेला खडकावरून खाली उतरवलं. चाळीस वर्षं ती बाई होड्या सुटल्या की खडकावर बसायची ते शेवटची होडी लागेपर्यंत. तेवढ्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिनं शेंग सोलायची नाही, केसातून हात फिरवायचा नाही. नुसतं बघायचं. पाण्याच्या कडेला काळी रेघ उठली की म्वेरा वारा आला, मग ओला पाला पेटवून धूर करायची. आता ती माझ्या खोपीत बसते, तेलात तळलेली मंदासी खाते आणि माझ्या चहाला नावं ठेवते.

मंगळवारी तुझ्या काकानं पाण्यावरून 'निघालो' कळवलं. पेटी गप्प. मागून डोरीकाच्या नवऱ्यानं कळवलं. गप्प. दुपारपर्यंत मेल्यासारखी पडून होती, आणि मग एकदम सगळ्यांना उत्तरं, सातच्या सात, तळ्यावरून चिलटांचा ढग उठतो तसा. ही काय तऱ्हा? वारा आला असता तर?

तुझा काका योतामु ऐकत नाही. म्हणतो, "आपल्या पोरीनं केलंय, चुकायचं नाही." गळ घेऊन रोज सगळ्यांपेक्षा लांब जातो. माझं माणूस त्या पाण्यावर असतं, लुसुंगु. नीट सांग, काय झालं?

तुझी आत्या,
एस्नात


मझुझु, १७ मे

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर ऑफिसात तुझ्या खोपीचा वास येत राहिला, उकळत्या चहाचा आणि वाळत्या उसिपा मासळीचा.

यंत्र बिघडलेलं नाही. चूक माझी आहे, आणि ती मला आता दिसतेय. ती पेटी अगदी तुझ्यासारखी आहे. गल्ल्यामागं बसून राहते, कुणी हाक मारली की उठते, काम करते, परत बसते. हाक नसेल तेव्हा काही करत नाही. चांगला प्रोग्राम असाच असतो, बसून राहणारा. बाहेर धुकं असो, ऊन असो, तो आपला कान देऊन बसलेला. रात्री झोपताना मला कधीकधी वाटतं, इतकं शांत बसणं माणसाला जमलं तर.

पण वाट्यांचं चक्र हाक मारत नाही. ते मुकं आहे. वारा किती, हे त्याला घटकेघटकेला जाऊन विचारावं लागतं. ते मी पेटीलाच करायला लावलं. एरवी डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उत्तर येतं. त्या मंगळवारी भुशिरावर दाट धुकं असणार. चक्राकडून उत्तरच येईना, आणि पेटी त्याच्या दारात उभी राहिली, उत्तराची वाट बघत. इकडं खोपीत सगळे हाका मारतायत आणि खोपीत कुणी नाही, असं झालं.

आमच्यात यावर तोड आहे. प्रोग्राम स्वतःसारखाच दुसरा एक फोडतो, त्याला फोर्क म्हणतात, आणि त्या दुसऱ्याला विचारायला पाठवतो. पण कधी पाठवायचं आणि कधी आपणच बघून यायचं, यावर इथं दोघांची दोन मतं. आत्या, खरंच विचारते, हसू नकोस: खोप चालवताना तू स्वतः कधी उठतेस आणि दुसऱ्याला कधी पाठवतेस?

तुझी,
लुसुंगु


चिसांगा, २४ मे

लुसुंगु,

एवढं शिकून हे मला विचारतेस? बरं, ऐक.

चूल माझ्या नाकासमोर आहे. चहाला उकळी आली का, हे बघायला मी माणूस पाठवत नाही. मान वळवली की दिसतं. ज्याचं उत्तर मान वळवून मिळतं, ते आपण बघावं. पण आठवड्याचं जहाज भुशिरापलीकडच्या किनाऱ्याला लागलं का, हे बघायला मी जाणार नाही. जहाज आज येईल, नाहीतर परवा. मी तिथं उभी राहिले तर इथं चहा कोण देणार? जिथं उत्तरासाठी ताटकळायची भीती, तिथं दुसरी पाठवावी.

पण पाठवण्यालाही अक्कल लागते. गेल्या वर्षी मी डोरीकाला जहाज बघायला पाठवलं. ती येईना. म्हणून तिच्या नवऱ्याला पाठवला. तोही येईना. मग न्याम्होनेच्या सुनेला, मग तिच्या जावेला. शेवटी मीच गेले तर सातजण किनाऱ्यावर ऊस चघळत बसलेत आणि डोरीका म्हणते, "वहिनी, तूपण आलीस? बस की, जहाज येईलच!" तिकडं खोपीत कसावा कांडायला कुणी नाही. तेव्हा एकीला पाठवलं की ती आल्याशिवाय दुसरी पाठवायची नाही. आणि आलेलीला लगेच विचारायचं, काय पाहिलंस? ऐकून घ्यायचं, चहा द्यायचा, मोकळं करायचं. एकदा मी गडबडीत डोरीकाला विचारायचंच विसरले. बाई संध्याकाळपर्यंत दारात उभी. ना आत, ना बाहेर. गिऱ्हाईक तिला वळसा घालून येजा करत होतं. मेलेल्याला कुणी सांगितलंच नाही की तू मेलास, तसं दिसत होतं तिचं तोंड.

आता तुझं तू बघ. इकडं हवा विचित्र आहे. पाणी आणि आभाळ यांच्यात शिवणच दिसत नाही. काल योतामुची होडी आभाळात चालल्यासारखी दिसत होती.

एस्नात


मझुझु, १ जून

आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे वरिष्ठ गोंद्वे म्हणाले, या बाईंना इथं नोकरीला घ्या. डोरीकाच्या उसावर सगळे इतके हसले की शेजारच्या खोलीतले लोक आले.

तू सांगितलंस तसंच केलंय. नवा प्रोग्राम छोट्या चकतीत भरून जहाजाच्या स्वयंपाक्याबरोबर पाठवतेय. पेटीच्या कुशीत खाच आहे, तिथली जुनी काढून ही घाल. आता सकाळी सहाच्या ठोक्याला पेटीतून दुसरी फुटेल आणि चक्रापाशी जाऊन बसेल. एकच, संध्याकाळपर्यंत. पेटी खोपीतच राहील, सगळ्यांच्या हाका ऐकत.

हे फुटणं मला फार सुंदर वाटतं, आत्या. त्या क्षणी दोघी अगदी एक असतात. तेच नाव, तीच आठवण, पाण्यावर कोण कोण गेलंय ते सगळं दोघींच्या मनात सारखं. मग एक राहते आणि एक जाते. जी जाते तिला मी आणखी एक शिकवलंय. वारा दिसला की परत येऊन निरोप देण्यात वेळ घालवायचा नाही, तिथूनच सगळ्यांचे फोन वाजवायचे. चार क्षण वाचतात. म्वेऱ्यात चार क्षण म्हणजे काय, ते तू मला सांगायला नको.

आता काकांना निर्धास्त जाऊ दे.

लुसुंगु


चिसांगा, ९ जून

लुसुंगु,

चकती घातली. तिसऱ्या खेपेला बसली. पेटी टुक् करून बोलली. चार दिवस झाले, सगळ्यांना वेळच्या वेळी उत्तर येतंय. न्याम्होने म्हणाली, "आता मी खडकावर नको आणि खोपीतही नको, सरळ खड्ड्यातच घाला मला." मी म्हटलं, "आधी पुढ्यातली मंदासी संपव." संपवली.

स्वयंपाक्याबरोबर तू पाठवलेलं नेसायचं चितेंजे मिळालं. निळं आहे, मला निळं आवडत नाही हे तुला कधी कळणार? योतामुला मात्र आवडलं. म्हणाला, "हे नेसून तू किनाऱ्यावर उभी राहिलीस तर पाण्यात दिसायचीच नाहीस." तेवढंच बोलला आणि गळ घासत बसला. तुझ्या काकाचं प्रेम असं असतं.

एक विचारायचं राहिलं. ती जी सकाळी सहाला निघून जाते, तिच्या डोक्यात सहाची माणसं. जो सातला निघाला, तो तिला कसा ठाऊक? असेल काहीतरी तोड. तू केलीच असशील. मला आपलं वाटलं.

सुकी मासळी पाठवतेय, उन्हात एकदा घाल.

एस्नात


मझुझु, १३ जून

आत्या,

पत्र आत्ता हातात पडलं. तुझी ती ओळ मी उभ्यानंच दोनदा वाचली.

तिला ठाऊक नाही. कसं असणार? ती निघाली तेव्हाची आठवण घेऊन गेलेली. मागं राहिलेलीला नवं जे कळतं, ते गेलेलीपर्यंत पोचतच नाही. सहानंतर निघालेल्या कुणाचाही फोन वाजणार नाही. आमच्या धंद्यातलं पहिलं पुस्तक उघडलं तर पहिल्या पानांत हे असतं, आणि मी ते सुंदर आहे म्हणून तुला लिहून पाठवलं.

सकाळपासून अकरा वेळा फोन केला. खडकावरचा नाही, काकांचा नाही, डोरीकाचा नाही, कुणाचाच लागत नाही. पत्र जहाजानं पाठवतेय, मागून मीही येते. काकांना म्हणावं, सहाच्या आत निघा नाहीतर निघूच नका. न्याम्होनेला खडकावर बसव. तिच्या पाया पड. माझ्या नावानं पड.

लुसुंगु


चिसांगा, १३ जून

लुसुंगु,

हे पत्र पलीकडच्या गावच्या पिकअपवाल्याकडं देतेय. टेकडीवरचा टॉवर वाऱ्यानं आडवा झालाय, त्यामुळं कुणाचाच फोन नाही.

परवा म्वेरा आला. दहाच्या सुमारास. सहा होड्या पहाटेच गेल्या होत्या, सहाही जणांचे फोन वाजले, सहाही परत आले. योतामु उशिरा निघाला होता, आठ वाजता. खोपीच्या दाराची बिजागरी निखळली होती, ती बसवत होता. त्यानं 'निघालो' कळवलं, पेटीनं 'नोंद झाली' म्हणून उत्तर दिलं. मी स्वतः बघितलं. पण त्याचा फोन वाजला नाही.

न्याम्होने माझ्याच खोपीत बसली होती. वारा अजून कुणाला लागलासुद्धा नव्हता, तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पाण्याची कड काळी झालीय." या वयात ती बाई पळत खडकावर गेली. पाला पेटवला. पण वारा असा, की धूर वर चढेचना, गवतात लोळत गेला.

काल लोक उत्तरेला बघून आले. काही नाही. आज पुन्हा गेलेत.

पेटीच्या काचेवर अजून लिहिलेलं आहे: पाण्यावर एक, योतामु. तीन दिवस तेच. रात्रंदिवस हिरवं दिसतं. बायका येतात, काचेकडं बघतात, माझ्याकडं बघतात आणि चहा न घेता जातात. मी पेटीवर फडकं टाकलं, मग काढलं. झाकलं तर वाटतं मीच त्याला झाकलं.

तिला ठाऊक होतं, लुसुंगु. घरात बसलेलीला ठाऊक होतं. मग कुणी काही केलं का नाही?

एस्नात


चिसांगा, १५ जून

सापडला. उत्तरेला दोन खाड्या सोडून तिसऱ्या किनाऱ्यावर. होडी गेली, फळी राहिली. चालत आलाय. पाय फाटलेत, डाव्या कानानं ऐकू येत नाही. कसाव्याच्या कोंडोवोलेचे दोन गोळे खाऊन झोपलाय. लवकर ये.

ए.


मझुझु, २४ जून

आत्या,

तुझ्याकडं तीन दिवस राहिले आणि जे सांगायला आले होते ते सांगितलंच नाही. काका माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "पोरी, तुझ्या पेटीनं सहाजण वाचवले." म्हणून आता लिहून सांगते.

गोंद्वे मला आधीच बोलले होते. "गेलेलीनं फक्त बातमी आणायची. हाका मारायच्या त्या घरातलीनं, कारण यादी तिच्यापाशी." मी मान डोलावली आणि माझंच केलं. ते चार क्षण मला माझ्या हुशारीसाठी हवे होते, काकांसाठी नाही. तुला मात्र म्वेऱ्याचं नाव पुढं करून लिहिलं.

निघताना मी पेटी बंद करून आले, हेही तुला बोलले नाही. तू म्हणशील, काच काळी का पडली. तिला पोत्यात घालून परत पाठव. चक्र भुशिरावरच राहू दे, माकडं खेळतील.

रोज एकच स्वप्न पडतं. मीच खोपीत बसलेय आणि मीच पाण्यावर गेलेय, आणि बसलेली मी गेलेल्या मला हाक मारत नाही, कारण ते काम माझं नाही असं मला वाटतं.

लुसुंगु


चिसांगा, ३० जून

लुसुंगु,

पेटी पाठवणार नाही.

रडून झालं असेल तर ऐक. बिजागरी निखळली नव्हती. ती मी निखळवली. त्या पहाटे मलाही स्वप्न पडलं होतं. योतामु पाण्याखाली बसून गळ घासतोय आणि मला म्हणतोय, दिवा जरा इकडं धर. उठले ती दाराला जाऊन झोंबले. म्हटलं, दार लावता येत नाही असं झालं तर दोन तास तरी घरात राहील. स्वप्नाचं सांगितलं असतं तर हसला असता आणि सहाच्या आत निघाला असता. आणि त्याचा फोन वाजला असता. त्याला जपायला गेले आणि मीच यादीतून काढला. हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्यालाही नाही. आता तुला ठाऊक आहे आणि मला. बास.

तेव्हा तू एकटीनंच काही केलंयस असा तोरा मिरवू नकोस.

न्याम्होने परत खडकावर बसते. पण तिचे डोळे आता भुशिरापलीकडं पोचत नाहीत, हे ती स्वतःच काल मला म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खडकावरून बोलली. आणि योतामुनं भावाची जुनी होडी मागून आणलीय. तो घरी बसणार नाही. मी दाराच्या किती बिजागऱ्या मोडू?

नवी चकती कर. जी गेली तिनं बघायचं, परत यायचं, सांगायचं. दुसरं काही नाही. हाका घरातलीनंच मारायच्या, त्या घडीला तिच्यापाशी जेवढी नावं असतील तेवढ्यांना. आणि आणखी एक, हे तुझ्या गोंद्वेलाही सांग: गेलेली ठरल्या वेळेत आलीच नाही, तर उगाच वाट बघत बसायचं नाही. आली नाही म्हणजे काहीतरी वाईटच असणार असं धरायचं आणि सगळ्यांना परत बोलवायचं. पुरुष ओरडतील. ओरडू देत.

आत्या


मझुझु, ८ जुलै

आत्या,

चकती सोबत आहे. गोंद्वेंनी दोनदा तपासली, मी नऊ वेळा. तुझी शेवटची अट त्यांनी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "हे आपल्या कुणाच्या डोक्यात का आलं नाही?" मी म्हटलं, आपलं कुणी पाण्यावर नसतं म्हणून.

बिजागरीचं मी कुणाला सांगणार नाही.

लुसुंगु


चिसांगा, २२ जुलै

लुसुंगु,

टॉवर परत उभा राहिला, आणि चकती घातली त्याला आठवडा झाला. काल दुपारी असं झालं, ते सांगते.

ऊन स्वच्छ होतं. पाणी असं निजलेलं की किनाऱ्यावरची बदकं स्वतःच्याच सावलीवर बसल्यासारखी दिसत होती. वारा म्हणून नाही. मी कसावा चाळत होते. आणि एकदम पेटी किंचाळली. काचेवर लिहून आलं: गेलेली आली नाही, सगळ्यांना बोलावलं. पाण्यावर सात. पाठोपाठ तळ्यावरून सात फोन वाजल्याचा आवाज आला, पाणी शांत असलं की लांबूनसुद्धा येतो. न्याम्होने खडकावरून हातवारे करत होती, रेघ नाही, रेघ नाही. पण होड्या वळल्या.

नंतर डोरीकाचा नवरा भुशिरावर जाऊन बघून आला. एक भलं थोरलं माकड त्या चक्राला मिठी मारून झोपलं होतं. तार उपटून ठेवली होती.

पहिली होडी लागली आणि शिव्या सुरू झाल्या. "आभाळ बघा जरा! एस्नातच्या पेटीला हागवण लागली काय?" दुसरा म्हणाला, अख्खा दिवस फुकट गेला. तिसरा म्हणाला, पेटी बाई आहे, म्हणून उगाच घाबरते. मी खोपीच्या दारात उभी राहून एकेक बोटावर मोजत होते. चौथा. पाचवा. सहावा नुसताच थुंकला, तोही धरला.

सगळ्यात शेवटी तुझा काका. सगळ्यांपेक्षा लांब गेलेला. गुडघाभर पाण्यातूनच त्यानं सुरुवात केली. गळाला नुकता मोठा मासा लागला होता म्हणे, हाताएवढा, नाही, मांडीएवढा. तो सोडून आला. तुला शिव्या दिल्या, मला दिल्या, गोंद्वेला तो ओळखतही नाही, त्यालाही दिल्या. माकडाची तर सात पिढ्यांसकट काढली. एक कान गेल्यापासून फार मोठ्यानं बोलतो.

मी म्हटलं, "हं. अजून?"

अजून होत्या. मी ताट वाढलं, समोर बसले आणि सगळ्या ऐकल्या.

एस्नात